सवड गावानं मिळून काढावी

२०२३ च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं कन्नडच्या औट्रम घाटातून अवजड वाहतूक बंद करण्याचा आदेश दिला. सोलापूर-धुळे महामार्गावरचा हा घाट त्याआधी तासन्‌तास तुंबून राहायचा. एखादा कंटेनर वळणावर अडकला की वर कन्नडकडे आणि खाली चाळीसगावकडे गाड्यांच्या रांगा लागायच्या, आणि त्या रांगांत परीक्षेला निघालेली पोरंही असायची आणि दवाखान्यात न्यायचे पेशंटही. २०२१ च्या ऑगस्टअखेर झालेल्या पावसात तर दरडी कोसळून रस्ताच बंद पडला होता. न्यायालयापुढचा प्रश्न वाहतुकीचा आणि माणसांच्या जिवाचा होता. पण ट्रक थांबले आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट झाली, जी कुणी मागितली नव्हती. घाटात पुन्हा मोर ऐकू यायला लागला.

माझं माहेर घाटाखाली, चाळीसगाव तालुक्यात. सासर कन्नड. लग्न झाल्यापासून हा घाट चढते-उतरते आहे. पूर्वी एसटीत खिडकी लावून घ्यावी लागायची, धुरानं मळमळायचं, आणि घाट संपला की सगळी बस सुटल्यासारखी बोलायला लागायची. आता श्रावणात कठड्याशी गाडी उभी केली तर खालच्या दरीतलं पाणी ऐकू येतं. पाणी तेव्हाही वाहतच होतं. ऐकू येण्यासाठी दुसरं काही थांबावं लागलं.

ट्रकवाल्यांना आता लांबचा वळसा पडतो, घाटाच्या दोन्ही अंगांच्या ढाब्यांचा धंदा बसला. त्यांची तक्रार खरी आहे, आणि घाटाला पर्याय म्हणून ठरलेल्या बोगद्याचं काम मार्गी लागावं असं मलाही वाटतं. तरीही घाटातली ही शांतता मला महत्त्वाची वाटते ती अशासाठी, की ती कुणा एका ड्रायव्हरच्या चांगुलपणानं आलेली नाही. एकानं ट्रक बाजूला घेतला असता तर मागचा हॉर्न वाजवत पुढे गेला असता. सगळ्यांनी एकदम थांबायचं ठरलं म्हणून ते जमलं. धावपळीतून सवड काढण्याबद्दल आपण जे बोलतो, त्यात हीच गोष्ट राहून जाते.

माझं मेडिकल आहे. सकाळी नऊला शटर वर जातं, रात्री साडेनऊला खाली येतं. काउंटरमागे उभं राहिलं की गावाची तब्येत समजते. रक्तदाबाच्या गोळ्या, आम्लपित्ताच्या गोळ्या, आणि अलीकडे झोपेच्या. झोपेची चिठ्ठी घेऊन येणारे पूर्वी म्हातारे असायचे. आता तिशीतले असतात, नवं दुकान टाकलेले, हप्ते चालू असलेले. डॉक्टर चिठ्ठीच्या खाली लिहून देतात: रोज अर्धा तास चालणे, ताण कमी करणे. गोळ्या मी देते. चालणं ज्याचं त्यानं मिळवायचं असतं आणि तिथेच सगळं अडतं. ‘ताई, वेळ कुठून काढू?’ हा प्रश्न मला जवळजवळ रोज ऐकायला मिळतो. विचारणारा आळशी नसतो. समोरचं दुकान उघडं असताना आपलं बंद ठेवलं तर गिऱ्हाईक तिकडे जाईल आणि एकदा गेलेलं परत येणार नाही, ही त्याची भीती रास्त आहे.

वर्तमानपत्रांत, मोबाइलवर, कीर्तनातसुद्धा सल्ला मात्र एकाच माणसाला दिलेला असतो. तू थांब. तू पहाटे उठ. तू फोन बाजूला ठेव. जणू सवड ही स्वभावाची गोष्ट आहे आणि ज्याला ती मिळत नाही त्याच्यातच काही उणं आहे. मला हे मान्य नाही. सवड मिळत नाही कारण गावात कुणालाच ती नाही.

पूर्वी ती होती, आणि ती एकेकट्यानं मिळवलेली नव्हती. महाराष्ट्रातल्या दुकानांसाठी १९४८ चा जो कायदा होता, त्यात आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवणं बंधनकारक होतं. औषधांसारख्या काही धंद्यांना सूट होती, पण कापड, भांडी, किराणा, सगळ्यांची शटरं ठरल्या दिवशी खाली असायची. २०१७ चा नवा कायदा आला आणि दुकान वर्षभर उघडं ठेवायची मुभा मिळाली. कामगाराला आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यायची असं त्या कायद्यात आहे, पण तो लागू झाला तो दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांनाच. कन्नडच्या बाजारपेठेत दहा माणसं कामाला असलेली दुकानं कितीशी असणार? जिथे मालक, त्याचा भाऊ आणि दोन पोरं असा सगळा पसारा, तिथे सुट्टी कुणी कुणाला द्यायची हे कायदा सांगत नाही. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तर राज्य मंत्रिमंडळानं खासगी आस्थापनांतल्या कामाच्या रोजच्या तासांची मर्यादा नऊवरून दहा करायला मंजुरी दिली. मोठ्या शहरातल्या मॉलला हे सगळं सोयीचं असेल. छोट्या गावात मात्र शेजाऱ्यानं शेजाऱ्याला बांधून ठेवावं अशी गत झाली आहे.

रविवारची सुट्टी आपल्याला इंग्रजांनी दिली, असं पुष्कळांना वाटतं. गिरणी कामगारांना ती मिळवून दिली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुल्यांचे हे सत्यशोधक सहकारी. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्याची सुट्टी ही मागणी लावून धरली. १८९० च्या २४ एप्रिलला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारांनी भाषणं केली. पुढे १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार खंडोबाचा वार, त्या दिवशी माणसाला घरच्या देवासाठी आणि समाजासाठी मोकळं असू द्या, हे लोखंड्यांचं म्हणणं होतं. मला त्या दोन बायांचं फार वाटतं. गिरणीत उभं राहून, घरी जाऊन पुन्हा चुलीपुढे बसणाऱ्या बायांनी हजारो पुरुषांसमोर उभं राहून सांगितलं की आम्हाला एक दिवस हवा. त्यांच्यातल्या प्रत्येकीनं आपापली पहाट शोधायची असती तर ती कधीच सापडली नसती.

यावर नेहमीचा आक्षेप येतो तो शेतकऱ्यांकडून. माझे दीरही तेच म्हणतात. आम्ही दिवसभर रानातच असतो, आम्हाला निसर्ग काय दाखवता? आमच्याकडे अद्रक आणि मका आहे. बेणं लावण्यापासून काढणीपर्यंत अद्रकाला जे लागतं ते मी जवळून बघते, त्यामुळे हा आक्षेप मी हलक्यानं घेत नाही. पण रानात असणं आणि रानात बसणं या दोन गोष्टी आहेत, आणि पूर्वी शेतातसुद्धा बसायची वेळ ठरलेली होती. रोजानं आलेल्या बाया दुपारी लिंबाखाली भाकरी सोडायच्या. तासभर गप्पा, एखादी जरा आडवी व्हायची, एखादी बांधावरची भाजी खुडायची. आता पुष्कळ काम गुत्त्यानं घेतात. एवढ्या सऱ्यांचे एवढे पैसे. जितकं लवकर उरकेल तितकं दुसऱ्या शेतात जाता येतं, पैसे जास्त मिळतात, म्हणून बाया स्वतःच उभ्यानं चार घास खातात. कुणी जबरदस्ती केलेली नसते. लिंब तिथेच असतो, सावलीही पडते, बसायला मात्र कुणी नसतं.

माझ्या माहेरी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं साल संपायचं आणि नवं साल धरेपर्यंत त्याला कुणी कामाला लावत नसे. त्याच आखाजीला सासरी गेलेल्या मुली परत यायच्या, लिंबाला झोके बांधले जायचे, आणि ऐन वैशाखाच्या उन्हात बायकांचं गाणं शिवारभर जायचं. पोळ्याला बैलाच्या खांद्याला हळद-तूप लागायचं आणि त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही म्हणजे नाही. आजोळी तर सोमवारीही औत जुंपत नसत. महादेवाचा वार, नंदीला विसावा. या सगळ्यांत एक समान गोष्ट आहे. कुणाला स्वतःच्या मनाला ‘आज थांबू का?’ असं विचारावं लागत नव्हतं. थांबणं गावानं ठरवून दिलेलं होतं आणि मोडणाऱ्याला गावाची लाज वाटायची. त्या जुन्या रीतींत जातीचा जाच होता, बाईला तर सण म्हणजे दुप्पट काम. ते काही परत आणायचं नाही. पण सगळ्यांनी मिळून थांबायची ती रीत आपण टाकून दिली आणि तिच्या जागी काही ठेवलं नाही.

याहून कितीतरी जुनी साक्ष आमच्या तालुक्यातच कोरून ठेवलेली आहे. पितळखोऱ्याची लेणी. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराला सातमाळा डोंगरातल्या एका घळीत ती खोदायला सुरुवात झाली. वेरूळ-अजिंठ्याला जाणारी गर्दी इकडे फारशी वळत नाही. पठारावर गाडी लावायची आणि पायऱ्या उतरत खाली जायचं. पावसाळ्यात वरून ओहोळ कोसळत असतो, समोरच्या कड्यावर हिरवं शेवाळ चढलेलं असतं, आणि दगड ठिसूळ असल्यामुळे कोरीव काम पुष्कळ ठिकाणी ढासळलेलं आहे. तरी विहाराच्या जोत्यावरची हत्तींची ओळ उभी आहे. बौद्ध भिक्खू वर्षाचे बाकीचे महिने गावोगाव फिरत. पावसाळ्याचे तीन महिने मात्र त्यांनी एका जागी राहायचं, हा संघाचा नियम होता. वर्षावास. ज्याला ध्यान आवडतं त्यानं थांबावं, असा तो नियम नव्हता. सगळ्यांनी थांबायचं होतं. त्या थांबण्यासाठी जागा लागली, म्हणून डोंगर कोरला गेला.

आणि कोरायचा खर्च कुणी दिला? तिथले शिलालेख सांगतात: पैठणच्या गांधिक कुळातला मितदेव, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. राजवैद्य मगिल आणि त्याच्या घरची माणसं. एक दुकानदार आणि एक वैद्य. मी औषधं विकते, म्हणून ही दोन नावं मला विशेष जवळची वाटतात. पैठणच्या बाजारपेठेत बसणाऱ्या माणसाला दूरच्या डोंगरात दुसऱ्यांनी शांत बसावं म्हणून पैसे द्यावेसे वाटले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्याला जे सार्वजनिक काम वाटलं, ते आजच्या व्यापाऱ्यालाही वाटू शकतं अशी माझी खात्री आहे.

थांबायला जागा शोधायची तर कन्नडकरांना महाबळेश्वर गाठायची गरज नाही. गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं, बहुतांश आमच्याकडे आणि उरलेलं घाटाखाली जळगाव जिल्ह्यात. त्याच्या खालच्या अंगाला पाटणादेवी. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे. लोक इथे येतात ते जुलै-ऑगस्टच्या रविवारी, धबधब्यासाठी, आणि सगळे एकाच दिवशी. स्पीकर लावतात, प्लॅस्टिक टाकतात, भिजतात आणि संध्याकाळी निघून जातात. त्यांच्यावर मी रागावत नाही. ज्याला वर्षातून एकच दिवस मिळतो तो त्या एका दिवसात सगळं उरकून घेणारच. पण जंगल वर्षभर असतं. फाल्गुनात पळस पेटतो आणि मोहाची फुलं पहाटे टपटप पडतात, तेव्हा पानं गळून गेलेली असल्यामुळे डोंगराची खरी ठेवण दिसते. अंजनाला कोवळी तांबूस पालवी येते. मे महिन्यात, सगळं करपलेलं असताना, एखाद्या उरलेल्या पाणवठ्याशी बसलं तर तासाभरात जेवढे पक्षी दिसतात तेवढे पावसाळ्यात महिनाभर दिसत नाहीत. मृगाच्या आसपास नवरंग येतो आणि पावशा ओरडायला लागतो. भाद्रपदात तेरडा आणि सोनकी, दसऱ्याच्या सुमाराला सीताफळं. हे एका रविवारी बघून संपणारं नाही. त्याच झाडापाशी पुन्हा पुन्हा जावं लागतं.

२०२१ च्या मार्चमध्ये गौताळ्यात लावलेल्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. यवतमाळच्या टिपेश्वरहून तो चालत आला होता, तीनशेहून अधिक किलोमीटर, शेतांमधून, रस्ते ओलांडत. इथे वाघ दिसल्याची याआधीची नोंद १९४० च्या सुमाराची सांगतात. तो फोटो सगळ्या गावानं मोबाइलवर पाहिला. माझ्या काउंटरवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. त्या आठवड्यात मी जवळजवळ प्रत्येकाला विचारलं, शेवटचं गौताळ्यात कधी गेलात? बहुतेकांचं उत्तर शाळेच्या सहलीपाशी थांबलं.

औषधवाली असल्यामुळे मी पुराव्याचंही बोलते. १९८४ मध्ये रॉजर अल्रिक या अमेरिकी संशोधकानं पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा, लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची तीव्र औषधं कमी लागली. रुग्ण थोडेच होते, पण त्या अभ्यासानं पुढे रुग्णालयं बांधायची पद्धत बदलली. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या पाहणीत आठवड्याला एकूण दोन तास निसर्गात घालवणाऱ्यांची तब्येत आणि मनःस्थिती चांगली असल्याचं दिसलं. ते दोन तास एकदम की थोडे थोडे, यानं फरक पडत नव्हता. निसर्गामुळे तब्येत सुधारली की धडधाकट माणसंच बाहेर पडतात, हे अशा पाहणीतून ठामपणे सांगता येत नाही. दुसऱ्या बाजूची आकडेवारी मात्र जास्त कडक आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम केल्यामुळे २०१६ या एका वर्षात जगभरात ७ लाख ४५ हजार माणसं पक्षाघातानं आणि हृदयविकारानं गेली. कन्नडच्या मेन रोडवरच्या दुकानदाराचे तास मोजले तर पंचावन्न केव्हाच मागे पडतात. त्याच्याकडे कामाला असलेल्या पोराचेही.

म्हणून माझं सांगणं व्यापारी संघटनेला आहे, नगर परिषदेला आहे, वनखात्याला आहे. आठवड्यातून एक सकाळ गावानं मोकळी ठेवावी. रविवारी दुकानं दुपारी बारानंतर उघडावीत, सगळ्यांनी, ठरवून. पूर्ण दिवस मागत नाही, कारण रोजच्या कमाईवर घर चालवणाऱ्या हातगाडीवाल्याला तो परवडणार नाही, आणि दुपारनंतरचं गिऱ्हाईक कुठे पळून जात नाही. सगळेच बंद असतील तर कुणाचंच गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार नाही. दूध, दवाखाने, मेडिकल पाळीपाळीनं चालू राहतील. वनखात्यानं त्या सकाळी तालुक्यातल्या शाळकरी पोरांना गौताळ्यात विनाशुल्क आत सोडावं आणि सोबत एखादा वनरक्षक द्यावा, कारण कुठल्या झाडाला काय म्हणतात हे त्याला पुस्तकाशिवाय येतं. पितळखोऱ्याला जायचं तर आज स्वतःची गाडी लागते. एसटीनं एक फेरी सुरू केली तर ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनाही ती घळ बघता येईल. ज्यांना लांब जायचं नाही त्यांना शिवनेचा काठ आहे, अंबाडी धरणाची भिंत आहे. काहीही न करता तिथे बसलं तरी चालेल.

बायकांचं आताच ठरवून घेतलं पाहिजे. दुकान बंद म्हणजे पुरुष घरी, पुरुष घरी म्हणजे नाश्त्याला काहीतरी वेगळं, आणि बाई सकाळभर ओट्याशी. तसं होणार असेल तर ही सुट्टी निम्म्या गावालाच मिळेल. त्या सकाळी चूल उशिरा पेटावी. आदल्या रात्रीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, एवढं फडक्यात बांधून न्यायला कुणालाही येतं, आणि ते पुरुषांनी बांधावं.

व्यापाऱ्यांच्या पुढच्या बैठकीत हे मांडायला मी जाणार आहे. मेडिकलवाल्यांशी बोलणं सुरू केलं आहे. काहींना पटलं, काही म्हणाले आधी बाकीचे बंद ठेवतील का ते बघू. पाळीचा कागद मी करून ठेवला आहे. पहिल्या रविवारी बाकीच्यांनी बंद ठेवावं, माझं दुकान त्या सकाळी उघडं असेल.